लाइटबिलातला भाई

विजेचा शोध कोणी लावला यावर विद्वानांनी खुशाल वाद घालावेत. वीज बंद करण्याचा शोध आमच्या साडूंनी लावला, याबद्दल निदान सुरतेत तरी दुमत नाही. माणसं कुणाच्या घरी गेली की आधी खुर्ची बघतात, आमचे साडू बटणं बघतात. पाणी पुढे येण्याआधी त्यांनी बाथरूमचा दिवा, टीव्हीचा लाल ठिपका आणि देव्हाऱ्यातली रंगीत माळ यांचा निकाल लावलेला असतो. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला आम्ही गोडादऱ्यात एक हॉल घेतला होता. नवरदेवाकडची मंडळी यायला उशीर झाला, तसे साडू उठले आणि स्टेजवरचे सगळे दिवे बंद करून आले. "बठनारंच कोनी नही, मंग हाई लाइट कोनासाठे चालू शे?" असं त्यांनी मलाच विचारलं. व्याही दारात आले तेव्हा स्टेजवर मिट्ट काळोख होता आणि पंगत बसलेली होती, कारण काळोख पाहून पाहुण्यांना वाटलं की कार्यक्रम उरकला. मी व्याह्यांना फ्यूज गेल्याचं सांगितलं. साडू शेजारीच उभे होते, त्यांनी लगेच खुलासा केला की फ्यूज उत्तम आहे.

डिंडोलीतल्या त्यांच्या रो-हाऊसमध्ये फ्रिज उघडण्याचाही एक कायदा आहे. आत काय घ्यायचं ते आधी मोठ्यानं जाहीर करायचं आणि मगच दाराला हात लावायचा. दार उघडं ठेवून, ओठावर बोट ठेवून विचार करत उभं राहणं हा त्या घरात मोठा गुन्हा आहे. मला स्वतःला फ्रिजसमोर उभं राहून विचार करायची फार आवड. कॉलेजात असताना काही चांगले विचार मला तिथेच सुचले असावेत. पण साडूंच्या घरी मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून "थंड पाण्याची बाटली, उजवीकडची" असं पुकारतो आणि मग आत जातो. बाटली डावीकडे निघाली तर दार लावून परत पुकारावं लागतं. माझी बायको हे पाहून तोंडाला पदर लावते. घरी मी तिच्यावर साहेबासारखा गुरकावतो, आणि तिच्या थोरल्या बहिणीच्या घरात असा आज्ञाधारक होतो, हे तिला फार आवडतं.

साडू धुळ्याकडचे. गावात वडील सालदार, म्हणजे दुसऱ्याच्या शेतावर वर्षाच्या बोलीनं राबणारे. त्यामुळे गावानं यांना कधी नावानं हाक मारलीच नाही, "सालदारना पोऱ्या" एवढ्यावर भागवलं. मिशी फुटायच्या वयात ते सुरतेला आले, लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, लागले आणि तीस वर्षं धोट्यांच्या खडखडाटात उभे राहिले. या शहरानं त्यांना दमवलं, पण पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट फुकट दिली. इथल्या रीतीप्रमाणे त्यांच्या नावाला 'भाई' जोडला. पगाराच्या चिठ्ठीवर भाई, दूधवाल्याच्या तोंडी भाई, आणि रो-हाऊस झाल्यावर पहिलं लाइटबिल आलं त्यावर गुजराती अक्षरांत ठसठशीत छापलेला भाई. ते बिल त्यांनी मला वाचायला लावलं. गुजराती त्यांना माझ्यापेक्षा चांगलं वाचता येतं, हे मला नंतर कळलं. त्यांना ते फक्त दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

मग सोलर आलं. घराच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, पॅनेल बसवा, सरकार सबसिडी देईल, वीज तुमची तुम्ही बनवा, असं सोसायटीच्या फळ्यावर लागलं आणि आमच्या साडूंना जन्माचं काम मिळालं. कंपनीचा माणूस येण्याच्या वर्षभर आधीपासून त्यांनी धाब्यावर खडूनं रेघा मारायला सुरुवात केली. शेजारच्या टाकीची सावली सकाळी कुठे, दुपारी कुठे, संक्रांतीला कुठे, राखीला कुठे. धाबं इतकं रेघारेघांचं झालं की आमच्या आक्काला, म्हणजे त्यांच्या बायकोला, पापड वाळत घालायला जागा उरेना. पुढे कंपनीचा इंजिनियर आला, त्यानं मोबाइल आभाळाकडे धरून बराच वेळ गोल गोल फिरवला आणि शेवटी जिथे पॅनेल लावा म्हणून सांगितलं, तिथे साडूंनी आधीच चौकोन आखून ठेवला होता. सबसिडी हा शब्द मात्र त्यांना कधी आवडला नाही. ते तिला आहेर म्हणत. "सरकार आहेर दी ऱ्हायनं, तो टोपी घालीसनच लेवा," असं म्हणून ते सोलरच्या प्रत्येक कामाला टोपी घालून निघत. झेरॉक्स काढायलासुद्धा.

हा सगळा त्यांच्या छंदाचा भाग आहे असं मी समजत होतो आणि चारचौघांत त्यावर विनोदही करत होतो. खरं कारण मला एका दुपारी त्याच धाब्यावर कळलं. आक्का वरच्या खोलीत बसून साड्यांचं धागा कटिंग करते. वर स्लॅब, त्यावर सुरतेचं ऊन. गेल्याच्या गेल्या वैशाखात ती साडी हातात घेऊनच घेरी येऊन पडली. डॉक्टरांनी सांगितलं, उन्हाळ्यात दुपारी हिला गार खोलीत ठेवा, पुन्हा असं झालं तर जड जाईल. मी आपला शहाणपणा केला. म्हटलं, साडूभाऊ, सोलर-बिलर नंतर, आधी एसी घ्या. साडू खडूची रेघ मारत होते. ती पुरी करून म्हणाले, "एसी काय, सकाय लई येसू. पन ती लावाव नही. तीस वरीस मीच तिले बटन बंद कराले शिकाडं. आते चालू कर म्हनाले मना तोंड नही." म्हणजे उद्या एसी आणतील, पण ती लावणार नाही, आणि लाव म्हणायला ह्यांना तोंड उरलं नव्हतं. वीज फुकटची, घरच्या उन्हाची असली तरच ती बटणाला हात लावेल, एवढा एकच मार्ग त्यांना दिसत होता. मी विनोद करायचा थांबलो. निदान त्या दुपारपुरता.

आता माझ्याविषयी. सासुरवाडीच्या तीन जावयांत बी.कॉम. झालेला मी एकटा. त्यामुळे कागद म्हटला की तो माझ्याकडे येतो, आणि मी तो चष्मा कपाळावर चढवून दूर धरून वाचतो, कारण तसं केलं की वाचणारा फार मोठा दिसतो. साडू मला नावानं हाक मारत नाहीत, "बीकॉम" म्हणतात, आणि आजवर मी ती शाबासकीच समजत आलो. सोलरचा अर्ज मीच भरला. भरताना साडूंनी टोपी सारखी करून विचारलं, "आधारवर भाई नही, बिलवर भाई शे. चाली का?" आधार कार्ड गावच्या कागदांवरून निघालेलं, तिथे भाई कुठून असणार! मी हसलो. तुच्छतेनं हसता येतं तितकं हसलो आणि म्हणालो, "साडूभाऊ, भाई म्हणजे आदर. आदर कोण तपासतं?" हे वाक्य मला इतकं आवडलं की त्या संध्याकाळी मी ते दोन-तीन जणांना ऐकवलं.

आदर तपासला गेला. होळीच्या सुमारास अर्ज परत आला, शेरा एवढाच की नाव जुळत नाही. मी आणि साडू वीज कार्यालयात गेलो. खिडकीतला माणूस भला होता. त्यानं दोन्ही कागद शेजारी ठेवले, साडूंकडे पाहिलं आणि अगदी गोडीनं म्हणाला, "भाई, आ भाई कढावी नाखो ने, पछी बधुं थई जशे." ज्याला भाई म्हणून हाक मारली त्यालाच भाई काढून टाकायला सांगतोय, हे त्याच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं, आणि मला हसू फुटलं. साडू हसले नाहीत.

उपाय सोपा होता. स्टॅम्पपेपरवर सोगंदनामा करायचा, म्हणजे आपलं प्रतिज्ञापत्र, की भाईवाला आणि बिनभाईवाला हे दोन्ही इसम एकच आहेत, आणि बिलावरचं नाव आधारप्रमाणे करून घ्यायचं. मसुदा मी तिथल्या बाकावरच तयार केला, त्यात 'उपरोक्त' हा शब्द चार वेळा घातला. साडूंनी तो ऐकून घेतला आणि कागद घडी करून मला परत दिला. "तो आन हाऊ एकच शे, आसं लिखी देऊ? गावमा मले कोनी नावनं बोलावं नही, बीकॉम. हाई भाई सुरतनं दिधेल शे." त्यांचं म्हणणं, बदलायचं तर आधार बदला, तिथे भाई घाला. मी समजावलं, चिडलो, दोन अक्षरांसाठी अडून बसलात म्हणालो. ते आधार केंद्रावर जात राहिले. तिथे कधी हा पुरावा चालेना, कधी तो. प्रत्येक वेळी टोपी घालून जायचे आणि परत येताना ती हातात असायची.

तेवढ्यात उन्हाळा आला आणि गेला. माझी बायको दुपारी आक्काला आमच्या फ्लॅटवर घेऊन यायची, एसी लावायची आणि चहा टाकायला आत जायची. चहा घेऊन येईपर्यंत आक्कानं एसी बंद केलेला असायचा. "बरं शे मले, कसाले उगाच," म्हणायची आणि पदरानं वारा घेत बसायची. मी त्या वेळी माझ्या दुकानात असायचो. तिथे मी एसीखाली बसून गिऱ्हाइकांना सांगत असे की माणसं अडाणी हट्टापायी घरच्यांचे कसे हाल करतात. ज्येष्ठ संपत आला तेव्हा आक्का जिन्यात दुसऱ्यांदा घेरी येऊन पडली. कपाळाला खोक पडली, आणखी काही झालं नाही. पण तिला दवाखान्यातून आणताना रिक्षात माझ्या डोक्यात माझं ते आदराचं वाक्य फिरत होतं. त्या दिवशी फॉर्म बाजूला ठेवून एक फोन करून विचारलं असतं, तर हा उन्हाळा तिला तसा काढावा लागला नसता. हट्ट साडूंचा होता खरा, पण चूक बी.कॉम.ची होती, आणि अजूनपर्यंत मला ती कोणी बोलून दाखवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी साडू एकटेच गेले आणि सोगंदनामा करून आले. मला सांगितलंही नाही. नवं बिल आलं तेव्हा कळलं. त्यावर नुसतं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव होतं. सगळं बरोबर, आणि कोणीतरी पागोटं उतरवून ठेवल्यासारखं. त्यानंतर मात्र सगळं भराभर झालं. अर्ज मंजूर झाला, पॅनेल चढली, मीटर बदललं, आहेर बँकेत जमा झाला. वरच्या खोलीत एसी बसला. मी लगेच उद्‌घाटनाचं भाषण तयार केलं. ते करायची वेळ आली नाही, कारण आक्का एसी लावेचना. पुढचा चैत्र गेला, तरी ती म्हणायची, लागेल तेव्हा लावू. साडू तिला एक शब्द बोलले नाहीत. वर जायचे, पॅनेल ओल्या फडक्यानं पुसून खाली यायचे.

परवा वैशाखातल्या भर दुपारी मी काही कागद द्यायच्या निमित्तानं डिंडोलीला गेलो. खरं म्हणजे कागद-बिगद काही नव्हतं, मला एकदा माफी मागायची होती आणि त्यासाठी हातात फाइल असली की मला बरं वाटतं. खालचं दार उघडंच होतं. वर गेलो तर साडू वरच्या खोलीबाहेर जिन्याच्या पायरीवर बसलेले, अंगावर बनियन, कपाळावरून घाम निथळत होता. खोलीचं दार बंद. मी दाराकडे हात नेला, तसा त्यांनी माझा हात धरला. "बठा आठेच. दार उघडं ते गारवा निंघी जाई. ती झोपेल शे."

मी बसलो. पायरी तापलेली होती. दाराच्या फटीतून पावलांपाशी थोडासा गारवा येत होता, आणि साडूंनी आपले पाय त्यातून मागे ओढून घेतले होते. मी फाइल मांडीवर ठेवली आणि जे म्हणायचं होतं ते कसंबसं म्हणून टाकलं. अर्ज मी चुकवला, तुमचा भाई माझ्यामुळे गेला, आक्काचा एक उन्हाळाही माझ्यामुळे गेला. साडूंनी दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "बिलवर कोनतंबी नाव ऱ्हाऊ द्या. आज तिनी सोताच बटन दाबं."

मी फाइलीनं त्यांना थोडा वारा घातला, तर त्यांनी ती माझ्या हातून काढून घेऊन खाली ठेवली. तिच्या फडफडीनं आक्का जागी होईल म्हणाले. चहाची वेळ टळून गेली, तरी आम्ही दोघं साडू तिथेच बसून होतो.