मुलीच्या पाळीवर गेलेली मोठी आई

मुलगी बारावी झाली तेव्हा चंद्रपूरच्या कॉलेजच्या हिशेबाचे मी तीन भाग केले होते. फी सवलतीत माफ होणार होती. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि जातीचा दाखला, दोन्हींच्या झेरॉक्स जादा काढून ठेवल्या. शिष्यवृत्ती मिळणार होती, पण ती वर्ष संपता संपता येते, म्हणून ती नाहीच असं धरलं. उरली होस्टेलची मेस. ती ‘कमवा आणि शिका’ योजनेतून भागणार होती: सकाळी कॉलेजच्या बागेत काम, महिनाअखेर मोबदला. योजनेतून नाव गेलं तर मेस गेली, आणि मेस गेली तर मुलगी घरी.

पोळ्यानंतर ती हिवताप घेऊन गावी आली. गैरहजेरी वाढली की नाव कापतात, हे तिने अंथरुणातूनच सांगितलं आणि रडायला लागली.

माझी थोरली जाऊ नुकतीच धान निंदून आली होती. म्हणाली, "रडून काऊन राह्यली? तिच्या जागी मी जातो."

आम्हा दोघींनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, घरटी एक बाई ठरते. सून आजारी असली तर सासू जाते, नाहीतर नणंद. घरची बाई आली की झालं, कोणती आली ते बांधावर कोणी विचारत नाही. मुलीच्या वडिलांना गोळ्यांच्या वेळा समजावून जावेला घेऊन मी पहिल्या एसटीने निघाले.

योजना पाहणारे प्राध्यापक येईपर्यंत जावेचा गुलाबाचा एक वाफा निंदून झाला होता.

"बाई, तुम्ही कोण?" त्यांनी विचारलं.

"पोरीची मोठी आई. तिच्या पाळीवर आली."

"असं चालत नाही. हजेरी विद्यार्थिनीची लागते."

"काम पाहा ना सायेब. साफ झालं का नाई?"

"झालंय. पण तुमची हजेरी लावली तर परीक्षेलाही तुम्हालाच बसवावं लागेल."

"बसतो ना! पेपर कोरा देतो. तुमी वाफा पाहून मार्क द्या."

प्राध्यापक हसले. मी विचारलं, "नाव कापलं का सर?"

"अजून नाही. डॉक्टरांचा दाखला आणा. बुडालेले तास दिवाळीच्या सुट्टीत भरावे लागतील, तिला स्वतःला. तोवर मेसवाल्याला थांबायला सांगतो."

जाऊ तोवर दुसऱ्या वाफ्यात शिरली होती. आता चल म्हटलं तर म्हणाली, "अर्धी ओळ सोडून कोनी उठते का?" ओळ संपवूनच ती उठली.

दिवाळीत होस्टेल रिकामं झालं, मुलगी तेवढी राहिली. मेस बंद, म्हणून पाडव्याला, गायगोधनाच्या दिवशी, आम्ही दोघी डबा घेऊन गेलो. गवताला हात लावायचा नाही, असं जावेला मी एसटीतच बजावलं होतं. तिने ते पाळलं. पदराखाली हात घेऊन ती वाफ्याच्या कडेला बसून राहिली, आणि मुलगी पुढे सरकली की मागून सांगायची, "थे राह्यलं पाह्य. वरून नको तोडू, मुळातून काढ."