तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची

आमच्या रॉयने जन्मात कधी दारू चाखली नाही, आणि त्याचं नाव मात्र दारूनेच बुडालं. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या फ्लीटवूडमध्ये अजूनही काही माणसं अशी आहेत की त्याचा विषय निघाला की अंगठा तोंडाकडे नेतात आणि बाटली उपडी केल्याची खूण करतात. ही खूण कुणी सुरू केली ते मला ठाऊक आहे. म्हणून हे लिहिते आहे.

रॉय थ्रेलफॉल माझा धाकटा भाऊ. वडील ट्रॉलरवर होते, उत्तरेच्या समुद्रात कॉड मासे धरायला जायचे. परत आले की बंदरापासून घरापर्यंत ताठ चालत आलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. आई मागच्या खोलीत बसून जाळी विणायची, तिच्या बोटांना कायम डांबराचा वास असे. वडिलांची तऱ्हा बघून तिने आम्हा दोघांना लहान असतानाच मेथडिस्ट पंथाच्या छोट्या चर्चमध्ये, चॅपलात नेलं आणि दारूला शिवणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. शपथ घेतली की निळ्या वेलबुट्टीचं एक छापील कार्ड मिळायचं. रॉयने सही करताना त्यावर शाईचा मोठा डाग पाडला. तरी आईने तेच कार्ड काचेत घालून शेकोटीच्या वर टांगलं. माझ्या कार्डावर डाग नव्हता, पण ते खणात गेलं. तेव्हापासूनच तो लाडका.

लाडका का, तर तो हसवायचा. चॅपलच्या वार्षिक समारंभात कविता म्हणायला उभा केला की मधेच पाद्रीसाहेबांचं शिंकणं करून दाखवायचा, आणि आई हातमोजा तोंडात कोंबून हसायची. पुढे तो उन्हाळ्यात समुद्रकिनाऱ्यावरच्या खेळांत काम करू लागला, मग गावोगाव फिरणाऱ्या नाटक मंडळीत, आणि शेवटी मँचेस्टरला, टीव्हीवर. एका मालिकेत तो पोस्टमन होता. दर भागात कुत्रा त्याच्या मागे लागायचा. आमच्या गल्लीत टीव्ही फक्त आमच्या समोरच्या ऑर्मरॉडबाईंकडे, त्यामुळे बुधवारी त्यांच्या बैठकीत निम्मी गल्ली. आई टोपी घालून जायची. मी म्हणायची, "अगं, समोर तर जायचंय." ती म्हणायची, "रॉयसमोर जायचंय."

त्या पोस्टमनमुळे त्याला मोठं काम मिळालं. संध्याकाळी पाचला मुलांचा कार्यक्रम असायचा, थेट प्रक्षेपण. तो सादर करायला दोघे होते. एक आमचा रॉय आणि दुसरा जेराल्ड अ‍ॅस्पिनॉल. जेराल्ड दिसायला देखणा, बोलायला गुळगुळीत. पण मुलं पत्रं पाठवायची ती रॉयला. जेराल्ड आमच्या घरी जेवायलाही आला होता. आईच्या हातचा बटाटा-मटणाचा रस्सा दोनदा मागून घेतला आणि शेकोटीवरचं कार्ड बघून म्हणाला, "अरे वा रॉय, तू तर संतच निघालास."

एकाहत्तर साली रॉयच्या कानाचं दुखणं बळावलं. मान वळवली की त्याच्याभोवती खोली फिरायची. डॉक्टरने झोपून राहायला सांगितलं होतं, पण हा उठून कामाला गेला. कार्यक्रमात जेलीचं ताट घेऊन चालताना त्याचा तोल गेला आणि तो मुलांच्या बँडमधल्या ढोलावर बसला. ढोल फाटला, जेली सगळीकडे. मुलं हसायला लागली. तिथेच ते संपलं असतं. पण जेराल्डने कॅमेऱ्याकडे बघून डोळा मिचकावला आणि अंगठा तोंडाकडे नेला.

मी ऑर्मरॉडबाईंकडे आईच्या शेजारी बसले होते. आईने टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

टीव्हीच्या साहेबांनी विचारलं तेव्हाही जेराल्ड म्हणाला की रॉयने सकाळपासूनच घेतलेली होती, मी त्याला सांभाळून घेत होतो. हे रॉयला मेकअप करणाऱ्या बाईकडून कळलं. त्याला तोंडावर कुणीच काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं! त्याचा करार संपला, नवा झाला नाही, फोन वाजायचा थांबला. कार्यक्रम जेराल्डचा एकट्याचा झाला, पुढे त्याला राणीकडून पदकही मिळालं. इकडे गल्लीतली पोरं रॉयला बघून अंगठा तोंडाला लावायची.

आईने ते कार्ड भिंतीवरून उतरवलं. कधी उतरवलं ते मी पाहिलं नाही. एक दिवस नुसता खिळा होता. रॉय तिला म्हणाला, "आई, मी घेतली नव्हती गं." ती म्हणाली, "चहा गार होतोय तुझा." पुढच्या वसंतात ती गेली. त्या एका वाक्याच्या पुढे त्यांचं बोलणं कधी गेलं नाही. घर माझ्याकडे आलं. मी तीनदा कागद बदलला त्या भिंतीचा, पण खिळा काढू दिला नाही.

रॉयने पोट कशावर भरलं विचाराल तर सुपरमार्केटच्या फिती कापल्या, बिंगोचे आकडे पुकारले, माशांच्या पेस्टच्या जाहिरातीत हेरिंग माशाचा आवाज काढला. आणि दर नाताळात पँटो, म्हणजे मुलांसाठीचं धमाल विनोदी नाटक. पँटोतली म्हातारी नेहमी पुरुषच करतो. रॉय ती अशी करायचा की बघतच राहावं. लालभडक गाल, केळ्यांच्या घडाएवढा अंबाडा, राजवाड्यातली स्वयंपाकीण डॉली डंपलिंग. पोरांना तर पँटो पाठच असतं. रंगमंचावरून कुणी "हो" म्हणालं की थिएटरने "नाही" ओरडायचं, "नाही" म्हणालं की "हो". आणि म्हातारीने प्रेक्षकांतला एक पुरुष निवडायचा, तो तिचा प्रियकर. मग खेळभर त्याची सुटका नाही. रागावला तर सगळं थिएटर त्याची हुर्यो करतं.

अठ्ठ्याऐंशीच्या नाताळात रॉयला आमच्या धक्क्यामागच्या थिएटरात काम मिळालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपल्या गावात. त्याच डिसेंबरात डोरीन, जी तिथे तिकीटखिडकीवर बसते आणि चॅपलात माझ्या मागच्या बाकावर, प्रार्थनेनंतर माझी बाही ओढून म्हणाली, "विनी, ओळख बघू, नातींना घेऊन कोण येतंय ते! अ‍ॅस्पिनॉल. निवृत्त होऊन इथे जवळच, सेंट अ‍ॅन्सला राहायला आलाय म्हणे. चांगल्या खुर्च्या द्या म्हणाला."

शिक्षा करणं देवाचं काम, असं आमचे पाद्रीसाहेब सांगतात. मीही तसंच मानते. पण सतरा वर्षं रोज गुडघे टेकून मी देवाला एकच माणूस नावानिशी सांगत आले होते, आणि तो माणूस आता स्वतःच्या पायाने चालत येत होता. ही देवाची सोय नाही तर कुणाची?

"तिसरी रांग," मी म्हटलं. "कडेची खुर्ची त्याला, आणि नाती आतल्या बाजूला."

"म्हातारी कडेचाच माणूस उचलते, विनी."

"ठाऊक आहे मला ती काय उचलते ते."

रॉयला मी आदल्या दिवशी सांगितलं. तो अंबाड्याच्या पिना मोजल्यासारखा बघत बसला. मग म्हणाला, "मला त्याला मारायचं नाही. त्याने लोकांदेखत सांगावं, की मी घेतली नव्हती. ह्याच गावात, ह्याच लोकांसमोर. बाकी काही नको."

"मला बाकीचंही चालेल," मी म्हटलं.

थिएटर खच्चून भरलं होतं. आमच्या चॅपलच्या बायका दुसऱ्या रांगेत, मांडीवर गोळ्यांच्या पुड्या. मी त्यांच्यात. मागे वळलं की जेराल्डचा राखाडी सूट दिसत होता. केस पांढरे झालेले, पण सगळे जागच्या जागी.

डॉली आली, लाटणं फिरवत. "नवरा मिळेना बाई मला! ए, तिसऱ्या रांगेतल्या राजा! होय तूच, कडेचा! नाव काय रे तुझं?"

तो हसत उठला. त्याला सवय होती दिव्यांची. "जेराल्ड."

"जेराल्ड! बायांनो, हात लावायचा नाही, हा माझा!" टाळ्या, शिट्ट्या. "पण हा फार वाईट आहे हं. मागे एकदा मला सोडून गेला. आणि गावभर सांगत सुटला की डॉली पिते! मुलांनो, मी एक थेंबसुद्धा घेतला नव्हता!"

आणि नऊशे माणसं एका आवाजात ओरडली, "घेतला होता!"

त्यांचा काय दोष? पँटोच होतं ते. म्हातारीने "नाही" म्हटलं, ते "हो" म्हणाले. ऑर्मरॉडबाईसुद्धा ओरडल्या, ऐंशीच्या वयात. रॉय पुन्हा म्हणाला, "नव्हता!" थिएटर म्हणालं, "होता!" रंगाखालीही त्याचा चेहरा उतरलेला मला दिसला. मी मागे वळले. जेराल्ड उभा राहून दोन्ही हातांनी लोकांना ओरडायला लावत होता. आणि मग त्याने अंगठा तोंडाकडे नेला.

मध्यंतरात मी सरळ रॉयच्या खोलीत गेले. रॉय अंबाडा मांडीवर घेऊन बसला होता.

"माझ्याच गावाने गं, विनी. सगळ्यांनी मिळून."

"गाढवा, तू 'नाही' म्हणालास म्हणून ते 'हो' म्हणाले. इतकी वर्षं प्रेक्षकांना दुसरं शिकवलंयस काय तू?"

तो माझ्याकडे बघत राहिला. हळूहळू त्या लालभडक ओठांवर हसू आलं. मग ते गेलं. "म्हणजे मी म्हणू, की घेतली होती? त्या बायकांसमोर? शपथ आहे मला. आजवर थट्टेतही कधी ते तोंडातून काढलं नाही. आई…"

"आई खिळ्याकडे बघत मेली, रॉय. हवं तर पाप माझ्या नावावर टाक. घाल तो अंबाडा."

दुसऱ्या अंकात राजवाड्याचं स्वयंपाकघर आणि एकमेकांच्या तोंडावर फेकायचे फेसाचे केक. डॉलीने हाक मारली, "माझा प्रियकर कुठंय? मदतीला ये रे!" जेराल्ड नको नको म्हणत होता, पण नातींनी ढकलला. "जा ना आजोबा!" तो वर चढला. डॉलीने त्याला झालरीचा अ‍ॅप्रन बांधला, गाठ चांगली आवळून.

मग रॉय पुढे आला. आमच्या रांगेकडे बघितलं आणि छाती भरून म्हणाला, "खरं सांगू? त्या दिवशी मी प्यायले होते!"

"नव्हतीस!" थिएटर गरजलं.

"प्यायले होते!"

"नव्हतीस प्यायली!"

मी ओरडत होते. चॅपलच्या बायका ओरडत होत्या, गोळ्या खाली सांडल्या तरी. ऑर्मरॉडबाईंनी काठी आपटली.

डॉली जेराल्डकडे वळली. "तू सांग राजा. तू होतास तिथे. प्यायले होते मी?"

जेराल्डचं हसू जागेवर होतं, पण आता ते नुसतं लावून ठेवल्यासारखं. त्याला कळलं होतं. "हो" म्हणावं तर नऊशे माणसं अंगावर येणार, गप्प राहावं तर हुर्यो. ती सुरूही झाली होती. तिसऱ्या रांगेतून त्याचीच नात ओरडली, "आजोबा, 'नव्हती' म्हणायचं असतं!"

"नव्हती," तो म्हणाला.

"ऐकू नाही आलं! मुलांनो, आलं का?"

"नाही!"

"नव्हती!" जेराल्ड मोठ्याने म्हणाला. आणि मग माईक नसताना, फक्त रॉयकडे बघून, पण आम्हाला दुसऱ्या रांगेत ऐकू जाईल इतपत, "नव्हती घेतलेली. मला माहीत होतं."

मला वाटलं, आता आमचा रॉय सोडेल त्याला. त्याला हवं होतं ते मिळालं होतं. पण डॉलीने त्याच्याकडे पाठ केली, कपाळावर हात धरला आणि दूर बघत विचारलं, "मग मी प्यायले असं सांगणारा कोण गं बाई? कुठे असेल तो मेला?"

"तुझ्या मागे!" सगळी मुलं ओरडली. बोटं रंगमंचाकडे. "मागे! मागे आहे!" त्या दोन्ही नातीही ओरडत होत्या, उड्या मारून.

डॉली डावीकडे वळली. उजवीकडे वळली. सावकाश. सतरा वर्षं थांबलेला माणूस, त्याला कसली घाई? मग तिने टेबलावरचा सगळ्यात मोठा केक उचलला.

रॉयचा नेम लहानपणापासून चांगला.

खेळ संपल्यावर मी मागच्या दाराशी रॉयची थर्मास घेऊन उभी होते. जेराल्ड आला. कानात अजून फेस होता. नाती गाडीत बसल्या होत्या.

"रॉय," तो म्हणाला, "मला ती जागा हवी होती. दुसरं कारण नव्हतं."

"ठाऊक आहे."

"मग आता फिटलं ना?"

रॉय गालावरचा रंग पुसत होता. "माझ्या आईने तुला दोनदा वाढलं होतं," तो म्हणाला. "तिला जाऊन सांग, मग विचार. चर्चमागच्या दफनभूमीत आहे, पंप आहे ना, त्याच्या बाजूला."

जेराल्ड माझ्याकडे बघू लागला, चॅपलची बाई काहीतरी मऊ बोलेल म्हणून. मी थर्मासचं झाकण घट्ट केलं.

त्या रविवारी पाद्रीसाहेब क्षमेवर बोलले, आणि बोलताना आमच्या बाकाकडे दोनदा बघितलं. अर्ध्या गावाने पँटो पाहिलं होतं. मी समोरच्या फळीवरचे भजनांचे आकडे वाचत बसले.

घरी येऊन मटण ओव्हनमध्ये ठेवलं, आईने खणात ठेवलेलं रॉयचं कार्ड काढलं, काच पुसली आणि खिळ्याला लावलं. शाईचा डाग होता तसाच होता. रॉय जेवायला आला, कोट न काढताच शेकोटीपुढे उभा राहिला.

"वाकडं लागलंय," तो म्हणाला.

"असू दे. बस, चहा गार होतोय तुझा."

त्याने एकदम माझ्याकडे बघितलं. मग बसला, आणि सगळा चहा प्यायला.