पहिला घास
इजिप्तमधल्या बुरुल्लुस तळ्याकाठच्या त्या गावात हाज शिहाताने पहिला घास खाल्ल्याशिवाय फसीखचं, म्हणजे खारवलेल्या माशाचं, पिंप उघडलं असं कुणी मानत नसे. दुकानाच्या उंबऱ्यात उभं राहायचं, मिठात मुरलेला बोय मासा हाताने फाडायचा, कांद्याच्या पातीबरोबर खायचा आणि "घ्या, बिस्मिल्ला" म्हणायचं. मग गिऱ्हाईक पुढे सरकायचं. चाळीस वर्षं हेच चाललं. त्याचा नेमही एकच होता: मासा वीस दिवस मिठात राहिला पाहिजे. एकोणिसाव्या दिवशी खुद्द मुलीच्या सासऱ्यालाही त्याने हात हलवत परत पाठवलं होतं.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी बोटं आखडली, तेव्हा मीठ भरायचं काम त्याने मुलाच्या, वगीहच्या, हाती दिलं. घास मात्र स्वतःकडे ठेवला. माणसाला एवढा तरी मान हवाच.

त्याच हिवाळ्यात पोट बिघडलं. कळा यायच्या, दिवसातून सहा-सहा वेळा धावावं लागायचं. एकदा मशिदीतून घरी येईतो आवरलं नाही, तेव्हा त्याने कपडे स्वतःच धुतले, सुनेला कळू न देता. घरात सगळ्यांनी एकच सांगितलं, वय झालं. जळजळ होते म्हणून वगीहने वर्षापूर्वी आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या आणून दिल्या होत्या, त्या चालूच होत्या. मासा तर सगळं घर खात होतं आणि दुखत होतं एकट्या त्यालाच, म्हणून त्यालाही ते पटलं. हे पटणंच त्याला महागात पडलं. दर आठवड्याला नवं पिंप, दर आठवड्याला पहिला घास, आणि सैल पडलेली विजार दोरीने बांधायची वेळ आली.

घरोघरी फसीख खाल्लं जातं त्या वसंताच्या सणाला चार दिवस उरले असताना दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या शौचाचा नमुना तपासला.

"चाचा, पोटात किडे आहेत. बारीक, माशातून येतात तसले."

"माझ्या माशात? पोरी, तू जन्मायच्या आधीपासून मी फसीख करतोय."

"म्हणूनच विचारते, किती दिवस मुरवता?"

"वीस."

"वीस दिवसांच्या मिठात ते सहसा टिकत नाहीत. कच्चा राहिला तर टिकतात. तरुण पोट निभावून नेतं. तुमच्या जठरात आम्ल मुळात कमी झालंय, त्यात या गोळ्या. दारावर राखणच नाही म्हणा ना."

तिने किड्यांचं औषध दिलं आणि जळजळीच्या गोळ्या बंद करायला सांगितलं. शिहाता चिडून घरी आला. आला तो थेट पिंपाशी गेला. वरचा मासा काढून त्याने पाठीवर बोट दाबलं. मांस काट्याला चिकटून होतं, गुलाबी, ओलं. त्याला कळायचं ते कळलं.

"किती दिवस झाले रे?"

बाजूला मीठ भरत बसलेल्या वगीहने मान वर केली नाही. "दोन. सणाला सहा होतील."

"आणि हिवाळ्यापासून?"

"तसंच. वीस दिवस कोण थांबतं आता, बाबा? समोरचा विकून मोकळा होतो. आणि कुणाला काय झालं सांगा? सगळं गाव खातंय. मासा चांगलाच आहे, तुमचं पोट म्हातारं झालंय."

स्वतःच्या बापाला दर आठवड्याला उंबऱ्यात उभा करून कच्चा मासा खाऊ घालणारा हा मुलगा, आणि वर त्याचं म्हणणं खोटंही नव्हतं. याचाच शिहाताला जास्त राग आला.

सणाच्या सकाळी रांग लागली. शिहाता उंबऱ्यात आला, मासा हातात घेतला आणि खाली ठेवला.

"कच्चा आहे. सहा दिवसांचा. घेऊ नका."

मग वगीह हसला. "बाबांच्या पोटाचं तुम्हाला ठाऊकच आहे. आता त्यांना पाणीसुद्धा कच्चं वाटतं."

रांग हसली. फक्त म्हातारी नईमा हसली नाही. ती पुढे येऊन हळूच म्हणाली, "शिहाता, हिवाळ्यापासून माझंही तेच चाललंय. मला वाटलं, वय."

"मग घेऊ नकोस."

"नातवंडं सणाला रुसतील रे. मी आपली एवढासाच तुकडा खाईन." तिने दोन मासे पिशवीत टाकले.

तोवर वगीहने बापाची उंबऱ्याजवळची खुर्ची उचलून आत नेली होती. उंबऱ्यात उभं राहून त्याने मासा फाडला, भराभर चावला आणि "घ्या, बिस्मिल्ला" म्हणाला. रांग पुढे सरकली.

आता पहिला घास तोच खातो. त्याला काहीही झालेलं नाही.