फुग्यांची बंडी

हवेला जीव लावणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला. माझ्या बायकोच्या माहेरचा शिंपी, साखरा गावचा. तिला अक्का म्हणायचा, म्हणून मी त्याचा दाजी. सेनगावात रंगीत टीव्ही यायला लागले तेव्हा खोक्यातलं फुग्याफुग्यांचं प्लास्टिक तो दुकानातून मागून आणायचा अन् कापसाऐवजी तेच बंडीच्या अस्तरात घालायचा. लोक टीव्ही बघायचे, हा प्लास्टिक. एखादं पोरगं फुगे फोडाया बसलं की हिसकून घ्यायचा. "काहून फोडतो रे? कुणाच्या नाकापुढची हवा हाये ती, तुला ठाऊक हाये का?" त्याची बंडी घालून एक पाव्हणा एसटीत मागं टेकला, तर टायर फुटलं म्हणून डायव्हर खाली उतरून सगळी चाकं बघून आला.

पुढं त्याच्या डोक्यानं घेतलं, की कारखान्याची हवा परकी, तिला ऊब न्हाई. मग प्लास्टिकच्या पिशव्या तो घरच्याच माणसाकडून फुंकून घ्यायचा, मेणबत्तीवर तोंड चिकटवायचा अन् सुई लागू न देता अस्तराच्या कप्प्यात सारायचा. माझ्या बंडीसाठी बायको फुंकाया बसली. छातीचं दुखणं होतं तिला. एक पिशवी फुंकली की भिंतीला टेकायची. मी म्हणलं, "ऱ्हाऊ दे." तर म्हणली, "तुमाला थंडी लई वाजते."

बंडी झाली अन् ती गेली.

पिशव्याबी एकेक करून बसल्या. डाव्या बाजूची तेवढी राहिली. बंडी खुंटीला असते. दुपारी पत्रा तापला की ती पिशवी हळूहळू वर येते, पहाटे खाली बसते. आधी आधी मी उठून बाहेर जायचो. शिंपी मात्र दर बाजाराला येऊन, डोळे मिटून तिला कान लावायचा.

"काय म्हणती?"

"बोलत न्हाई, दाजी. दम खाऊन राहिली. बसलेल्या पिशव्या मी भरू का?"

"तुझ्या बिडीच्या हवेनं? ठसका लागून पुन्हा जाईल ती."

एका हिवाळ्यात तोच खोकत आला. मागंपुढं कुणी नव्हतं त्याला. खिशातून एक लहानशी पिशवी काढली, फुंकून तोंड चिकटवलेली. "मी गेल्यावर ही बी आत शिवा, दाजी. अक्काच्या शेजारी नको. खाली, कडंला."

तो गेल्यावर मी शिवली. टाके असे जाड पडले, की बघितले असते तर त्यानं उसवलेच असते.

आता दुपारी दोन्ही वर येतात. आधी तिची, मग त्याची. थंडी मला अजून लई वाजते. पण बंडी अंगात घालत न्हाई. चुकून कुठं टेकलो तर.