गाडी जाईपर्यंत पडदा

आमच्या कर्जतची नाटकशाळा तालुका बोर्डाच्या मालकीची आणि मी तिचा व्यवस्थापक. मालकी बोर्डाची आणि रुबाब माझा, अशी आमची वाटणी होती. छप्पर पत्र्याचं, बाकं लाकडी, आणि स्टेशन अगदी हाकेच्या अंतरावर. चौक-खालापुराकडची मंडळी बैलगाड्या जोडून येत आणि त्यांना फार रात्र व्हायच्या आत परतायचं असे, म्हणून रविवारचा खेळ आम्ही दुपारीच लावायचो.

घाटात विजेची इंजिनं यायच्या आधीचे ते दिवस. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जादा इंजिन जोडत. जोडून झालं की पुढचं इंजिन शिट्टी देई, मागचं तिला उत्तर देई, आणि दोघं धापा टाकत निघाली की आमच्या पत्र्याला कापरं भरे. त्या वेळी रंगमंचावर कोणी गात असलं तर त्याचं गाणं त्याच्यापुरतंच राही.

यावर आमच्याकडे उपाय होता, तो म्हणजे आमचे पडदेवाले चाचा. जन्म रेल्वेच्या इंजिनशेडमध्ये खलाशी म्हणून, म्हणजे इंजिनं पुसण्या-जोडण्यात गेलेला. पडद्याची दोरी हातात धरून ते खोक्यावर बसत, कान स्टेशनकडे. गाडी निघून वळणापलीकडे गेल्याशिवाय पडदा उघडत नसत. मध्येच एखादी गाडी आली तर विंगेतून हात वर करत. नट गाणं अडवून दोन वाक्यं जास्तीची बोले, हात खाली आला की गाऊ लागे. मोठमोठ्या कंपन्यांचे नखरेल नट त्यांचा हात मुकाट्यानं पाळत.

आणि एके दिवशी बोर्डाचं पत्र आलं: नाटकशाळेतला प्रत्येक नोकर मराठी चौथी पास हवा आणि त्याच्या नेमणुकीवर मामलेदारसाहेबांची सही हवी. चाचांचा तर अंगठा. त्यांच्या जागी एक तरुण नेमूनही टाकला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दोन पानी उत्तर खरडलं, कला आणि तिचं स्वातंत्र्य यांवर. उत्तराला उत्तर आलं नाही. चाचा मात्र शांत होते. दोरी खुंटीला गुंडाळून ठेवताना एवढंच म्हणाले, "त्याला सांगा, दोरी वल्ली झाली की जड जाते." त्या म्हाताऱ्याला दोरीशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं, आणि मला रडू आलं ते मी रागात लपवलं.

पुढच्या रविवारी मामलेदारसाहेब स्वतः पहिल्या रांगेत. चाचा माझ्या पासावर शेवटच्या बाकावर. नवा पडदेवाला बिचारा सज्जन. घड्याळात साडेतीन वाजले आणि त्यानं नेमका पडदा उघडला. गाडीला त्या दिवशी उशीर झाला होता. नायकानं तान घेतली आणि पुढची शिट्टी झाली. मागची झाली. नायकाचं तोंड उघडं, हात छातीवर, आणि ऐकू येतंय फक्त इंजिन. आधी बायकांच्या बाजूला हसू फुटलं, मग सगळीकडे. मीही हसलो, खोटं कशाला बोलू?

चाचांना मात्र हसू येईना. ते उठले आणि विंगेत गेले. नव्या गड्यानं देवाचा प्रसाद द्यावा तशी दोरी त्यांच्या हाती दिली. पडदा पडला. आत नायक चडफडत होता, त्याला चाचांनी सांगितलं, "वळणाला हाय अजून. घाई नाय करायची." आम्ही सगळे, साहेबसुद्धा, त्या गाडीचा आवाज विरेपर्यंत गप्प बसलो. मग पडदा उघडला, आणि तोच सूर असा स्वच्छ लागला की माझ्या अंगावर काटा आला. इतका आनंद मला त्या नोकरीत क्वचित झाला असेल.

मध्यंतरात साहेबांनी मला बाजूला घेतलं. तुमचं पत्र वाचलं म्हणाले, दोनदा वाचलं. पण त्यात गाडीबद्दल एक अक्षर नव्हतं. स्वातंत्र्यावर दोन पानं लिहिली आणि चाचा काय करतात हेच लिहायचं राहिलं होतं.

"माणसं तुम्हीच निवडा," साहेब म्हणाले. "मी फक्त एक विचारणार, हाच का? उत्तर पटलं तर चौथीची अट मी सोडेन."

चाचांबद्दलचं उत्तर ते ऐकूनच बसले होते. मी खुशीत मान डोलावली. तेवढ्यात साहेबांची नजर दाराकडे गेली. तिथे आमचा द्वारपाल स्टुलावर बसल्या बसल्या घोरत होता आणि त्याच्या पायांवरून दोघंजण बिनतिकिटाचे आत शिरत होते.

"आणि हाच का?" साहेबांनी विचारलं.

तो माझा साडू होता. नेमणूक त्याच एका लायकीवर झालेली.

सोमवारपासून दारावर तो चौथी पास तरुण बसला, दोरीवर चाचा परतले, आणि घरी माझ्या पानात महिनाभर भाजी अळणी पडत राहिली.