कोरड्या दवण्याची जुडी

मौलाली अत्तारावर मी लई डाफरायची. त्येचं वागणंच तसं हुतं. सात रस्त्याच्या अलीकडं माझी दवण्या-मरव्याची पाटी, अन् ह्यो बाबा रोज येऊन एकेक जुडी नाकाला लावणार, परत ठेवणार. "आवं, वास घिऊनच संपवता का काय माझा माल?" म्हणलं की दाढीतल्या दाढीत हसायचा. खांद्याला लाकडी पेटी, पेटीत बोटभर बाटल्या, कानात अत्तराचा फाया. गिऱ्हाइकानं मनगट पुढं केलं की आधी ते मनगट हुंगायचा, मग कुठली बाटली उघडायची ते ठरवायचा. एवढा नाकाचा माणूस!

त्येची बायको हुसेनबी माझ्याच गावची, दुधनीची. ल्हानपणी आमी दोघी एकाच मळ्यात दवणा खुडायला जायचो. शहात्तर साली तिच्या छातीच्या दुखण्यानं उचल खाल्ली अन् मग ती काय हातरुणातनं उठली न्हाय. पोरगा दस्तगीर कुवेतला मजुरीला. त्येला सुट्टी मिळंना. तिकडनं येणाऱ्या एका माणसाच्या हाती त्येनं आईसाठी ऊदाचं तेल धाडलं, म्हंजे अगरूच्या लाकडाचं भारी अत्तर. अंगठ्याएवढी बाटली, आत काळं, काकवीगत घट्ट.

हुसेनबीला कळून चुकलं हुतं. नवऱ्याला म्हणाली, "ह्येच्यात आमच्याकडचा दवणा घाला. माझ्या कफनाला तेच लावा. लेकराचा अन् माहेराचा वास संगं येऊ द्या." त्यांच्यात मेलेल्या माणसाला न्हाऊ घालून कफनाला अत्तर लावत्यात. तिचं तेवढं एकच मागणं हुतं.

मौलाली माझ्याकडं आला. "राजाक्का, दोन दिस सावलीत वाळवलेली जुडी दे. पाण्याचा थेंब नगो. तेलात पाणी गेलं की समदं कुजतं."

वाळवली की मी! नीट फडक्यात बांधून वाळवली. तिसऱ्या दिवशी पाटीच्या कडंला ठिवली. पण चैताचं ऊन, अन् माझा मेला हात! घटकाघटकाला पाटीवर पाणी शिंपायची सवय. बोलता बोलता त्या जुडीवर बी शिंपलं. वरची पानं वाऱ्यानं लगेच सुकली, आतली ओलीच राहिली.

त्यो आला. "कोरडी हाय न्हवं?"

माझ्या ध्यानात आलं हुतं. खोटं कशाला बोलू, चांगलं ध्यानात आलं हुतं. पण दुसरी वाळवायची म्हंजे आणिक दोन दिस. आणि त्येच्यापुढं आपली चूक कबूल करायची. चार थेंबांनी काय हुतंय, म्हणलं मनात. "कोरडी हाय की," म्हणलं.

त्येनं ती जुडी हुंगली बी न्हाय. रोज हुंगायचा, त्याच दिवशी न्हाय. माझ्या शब्दावर घिऊन गेला. घरी जाऊन चंदनाच्या तेलात ती घातली, वरनं ऊदाचं तेल पार शेवटच्या थेंबापर्यंत ओतलं अन् मेण लावून बाटली बंद केली.

विसाव्या दिवशी हुसेनबी गेली. आत बाया तिला न्हाऊ घालत हुत्या, मी अंगणात उभी. मौलालीनं मेण फोडलं. कुजक्या चाऱ्याचा वास आला, समद्यांना आला. त्येनं बूच लावलं, पेटीतलं बाजारी गुलाबाचं अत्तर काढून आत दिलं. हुसेनबीला गुलाब कदी आवडला न्हाय.

"बाटली नीट वाळवली न्हाय मी," असं त्यो ज्येला त्येला सांगत सुटला. चाळिसावा दिस झाल्यावर अत्तराची पेटी कायमची रिकामी केली अन् माझ्यासमोरच्या कोपऱ्यावर कंगवे-काडेपेट्या मांडून बसला. दस्तगीरचं पत्र आलं, अम्मीला ऊद लावलं का म्हणून. 'लावलं' म्हणून ह्येनं उत्तर धाडलं.

दिवाळीच्या आधी मी धीर करून त्येच्यापुढं जाऊन बसले. "मौलालीभाई, त्या जुडीचं..."

"जुडी चांगली हुती, अक्का," त्यो मधेच म्हणाला. "कोण काय बोललं का तुला? नाव सांग त्येचं. हुसेनबीच्या गावची हायस तू, तुज्यावर आळ न्हाय येऊ द्यायचो मी."

मी तशीच उठून आले.

त्येला तीन वर्सं झाली. अजून आमी समोरासमोर बसतो. दवणा आला की मी एक जुडी कोरडी ठिवते, त्येच्या बाजूला, हाताला येईल अशी. त्यो कंगवे पुसत बसतो. आवं, एकदा तरी उचला की, लावा की नाकाला. डाफरणार न्हाय मी.