एकादशीच्या दिवशी नेलेली भाकरी

राणीसावरगावच्या शाळेत खिचडी शिजवणारी सरजाबाई हाताला मऊ आणि जिभेला तिखट. गावातली निम्मी पोरं तिच्या खिचडीवर वाढली. फक्त शेजारच्या बायनाबाईची नात अपेक्षा तेवढी घरून डबा आणायची. सरजाबाईच्या हातचं खायचं नाही, असा आजीचा हुकूम होता.

त्याला कारणही तसंच होतं. पहिल्या बाळंतपणात सरजाबाई अंथरुणाला खिळली, तेव्हा गंगाखेडच्या दोन ख्रिस्ती बायांनी महिनाभर तिचं न्हाणं-धुणं केलं. काही सांगितलं नाही, शिकवलं नाही, नुसत्या राबल्या. त्यावरून सरजाबाई आणि तिचा नवरा आश्रुबा येशूकडं वळले. पण बाप्तिस्मा झाला आणि बाईसाहेबांना वाटलं, आता सगळ्या गावाला शहाणं करायचं आपल्यालाच! हापशावर भर बायकांत ती बायनाबाईला म्हणाली, "दगडाला शेंदूर फासून काय मिळायलंय तुमाला?" बायनाबाईनं भरलेली घागर तिथंच ओतली आणि निघून गेली. त्याला बारा वर्षं झाली. मधे एक भिंत, पण बोलणं नाही. दर रविवारी प्रार्थनेला डोळे मिटले की सरजाबाईला ती ओतलेली घागर दिसायची. माफी मागावी असं वाटायचं, पण बायनाबाईच्या दारापर्यंत पाय जात नसे.

मे महिन्यात बायनाबाईचे मालक बन्सीधर गेले. सकाळीच माती झाली. मयताच्या घरी चूल पेटत नाही. पहिली भाकरी लगतच्या घरानं न्यायची, ही गावाची रीत. लगतचं घर म्हणजे सरजाबाईचं. तिनं बारा भाकऱ्या थापल्या, पिठलं केलं, टोपली पदरानं झाकली आणि देवाचं नाव घेऊन उंबरा ओलांडला.

टोपली उघडली आणि ओसरीवरच्या बायका एकमेकींकडं बघू लागल्या. बन्सीधरची बहीण कुसुमबाई कडाडली, "आज एकादस हाय! माळकऱ्याच्या घरी भाकरी? मुद्दाम आणलीस व्हय गं?"

सरजाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. शाळेला सुट्टी, त्यामुळं तिथीवाराचा पत्ता नाही. आणि घरातल्या कॅलेंडरवर नाताळ, ईस्टर ठळक, एकादशीला जागाच नाही. करायला गेली एक आणि झालं भलतंच. कोपऱ्यात बसलेल्या बायनाबाईनं तिच्याकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. ती नजर सरजाबाईला ओळखीची होती. पुन्हा देवाची चेष्टा केली, असंच बायनाबाईला वाटलं असणार.

टोपली घेऊन ती परतली. आश्रुबा म्हणाला, "झाली तेवढी शोभा बास झाली. आता पुन्यांदा जाऊ नको."

"आज न्हाई गेले तर मरंपर्यंत जाता येनार न्हाई," ती म्हणाली आणि थेट परमेश्वरच्या किराणा दुकानात गेली. "भाऊ, किलोभर भगर द्या. आन् तिच्यात काय चालतं, काय न्हाई, ते बी सांगा."

"मामी, तुमी कवापासून उपास करायलात?" परमेश्वर हसला. पण तिचा चेहरा पाहून वरमला आणि नीट सांगितलं: हळद नको, मोहरी नको, कांदा-लसणाचं तर नावच नको.

आदल्या दिवशीच घरात अंडी शिजली होती. तिनं चूल सारवली, आंघोळ केली, लेकीच्या लग्नात द्यायला आतापासूनच जपून ठेवलेलं कोरं पातेलं काढलं. भगर आणि शेंगदाण्याची आमटी घेऊन ती पुन्हा त्याच ओसरीवर उभी राहिली. मनातल्या मनात ती प्रार्थना करत होती, पण बोलायचं होतं ते मोठ्यानं, सगळ्यांदेखत. ती वाईट बोलली होती तेही सगळ्यांदेखतच.

"आक्का, आज एकादस हाय हे माझ्या खरंच ध्यानात न्हवतं. पन हापशावर बोलले ते समजून-उमजून बोलले, आन् लय वाईट बोलले. तुमच्या देवाला नावं ठिवायचा मला काय हक? माझ्या येशूनं मला राबायला सांगितलं हुतं, मी तोंड चालवत बसले. माफ करा."

कुसुमबाई काहीतरी बोलणार होती. बायनाबाईनं हात वर करून तिला थांबवलं. मग सुनेला म्हणाली, "सविता, ताट आन."

बायनाबाईनं दोन घास खाल्ले. कालपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. तिसऱ्या घासाला थांबली आणि म्हणाली, "उद्या बारस हाय, सरजे. भाकरी घिऊन ये. उपास तुझ्या भाकरीवर सोडीन."

सरजे! बारा वर्षांनी ते नाव त्या तोंडून ऐकलं आणि सरजाबाईला हुंदका फुटला तो आवरेचना. मयत झालं होतं बायनाबाईच्या घरी, पण सरजाबाईला गप्प करायला बायनाबाईलाच ताटावरून उठावं लागलं.